शेजाऱ्यांची झोप आणि मुलीची क्लॅरिनेट

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या या व्यासपीठावर आजवर लोणच्या-पापडांवर, मुलांच्या अभ्यासावर, बचतीवर पुष्कळ चांगली भाषणे झाली. यंदा चिटणीसबाईंनी मला सांगितले, "तुमच्या घरातून संध्याकाळी जे वाजते, त्याविषयी बोला." मी सातवी शिकलेली गृहिणी. गायन-वादनाचे शास्त्र मला येत नाही. परंतु मुलीला शिकवणीला नेता-आणता दीड वर्ष मी त्या वर्गाच्या कोपऱ्यात बसले, मास्तरांना शंका विचारल्या, दुकानदारांना विचारल्या. तेवढ्या शिदोरीवर बोलते. चूकभूल आपण पदरात घ्याल अशी आशा आहे.

माझी धाकटी मुलगी नववीत आहे. ती क्लॅरिनेट शिकते. आपली घरे कशी आहेत ते आपणा सर्वांस ठाऊक आहे. पूर्वी वसईत वाडीमध्ये घर, घरापुढे अंगण, भोवती केळी आणि पानवेली. कोणी काही वाजवले तर ते पानांत विरून जाई. आता वसईपासून विरारपर्यंत इमारतीला इमारत लागली. माझ्या स्वयंपाकघरात फोडणी पडली की पलीकडच्या वहिनींना शिंक येते! खालच्या मजल्यावरचे भाऊ रात्रपाळी करतात व दिवसा झोपतात. वरच्या घरी तान्हे मूल. अशा ठिकाणी नवशिक्याने वाद्य वाजवायचे तरी कसे, आणि त्यासाठी वाद्याचे तोंड, म्हणजे ज्याला माउथपीस म्हणतात तो, कोणता घ्यायचा, हा आजचा विषय.

एवढ्याशा तुकड्यावर भाषण कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण सांगते. मुलीला शिकायला लागून दोन महिने झाले असतील, तेव्हा आमच्या दाराच्या फटीतून कोणीतरी चिठ्ठी सरकवली. तिच्यावर नाव नव्हते. "हा पोंगा बंद करा" एवढेच शब्द होते. मुलीने ती वाचली, वाद्याचे पाचही तुकडे पुसून पेटीत ठेवले आणि आठ दिवस पेटीला हात लावला नाही. चिठ्ठी कोणाची याचा शोध मी केला नाही. लिहिणाऱ्याचे रात्रभर जागरण झाले असेल, घरात आजारी माणूस असेल. त्याचेही खरे होते. परंतु वरातीचा बाजा दोन दोन तास दारावरून जातो, तेव्हा आपण गॅलरीत उभ्या राहून पाहतो. आणि एक मुलगी वीस मिनिटे शिकते तेव्हा ते खुपते, हेही खरे होते. मुलीचे शिकणे आणि शेजाऱ्याची झोप, या दोहोंपैकी एकीचा बळी का द्यावा? दोन्ही राखता येतील का, हे पाहणे आईचे काम, असे माझ्या मनाने घेतले.

प्रथम हे वाद्य काय आहे ते थोडक्यात सांगते. क्लॅरिनेट जर्मनीतील न्यूरेंबर्ग गावच्या डेनर नावाच्या कारागिराने १७०० सालाच्या सुमारास घडवली, असे मानतात. पुढे ती पलटणींच्या बँडात गेली, आणि पलटणींबरोबर आपल्या देशात आली. तेथून ती लग्नाच्या बँडात उतरली. आपल्या वसईच्या लग्नांत ट्रंपेट आणि सॅक्सोफोन यांच्या जोडीला काळी, लांब, चंदेरी चाव्यांची जी नळी दिसते, तीच ही. चांगली क्लॅरिनेट आफ्रिकेतील काळ्या, जड लाकडाची असते. शिकणाऱ्यासाठी मजबूत प्लॅस्टिकची मिळते आणि ती पावसाळ्यात तडकत नाही. आमच्या घरी आलेली क्लॅरिनेट माझ्या मामांची. ते तरुणपणी लग्नाच्या बँडात वाजवीत.

आता आवाज निघतो कोठून, ते पाहू. आपल्याच पालघर जिल्ह्यात वारली लोकांचा तारपा आहे. आपण पुष्कळजणींनी तो पाहिला असेल. वाळवलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा, आणि सांधे मेणाने भरलेले. भोपळ्याच्या आत प्रत्येक नळीला एक एक पातळ पत्ती असते. फुंकले की ती थरथरते आणि नाद निघतो. क्लॅरिनेटलाही एकच पत्ती असते. म्हणून मास्तर म्हणाले की तारपा हा तिचा रानातला नातलग. मात्र दोहोंत एक मोठा फरक आहे. तारप्याची पत्ती भोपळ्यात लपलेली असते, वाजवणाऱ्याचा ओठ तिला लागत नाही. म्हणून तारप्याचा आवाज फारसा लहान-मोठा करता येत नाही. आणि त्याची जरूरही नसते, कारण तो माळावर, मोठ्या फेराच्या नाचासाठी वाजतो. क्लॅरिनेटची पत्ती खालच्या ओठावर टेकलेली असते. ओठाने तिला आवरता येते, श्वासाने तिला जागवता येते. म्हणून फुंकून वाजवण्याच्या वाद्यांत क्लॅरिनेट अतिशय हळू, अगदी कानगोष्टीइतकी हळू वाजू शकते. हे ऐकून मला फार धीर आला. याचा अर्थ वाद्याच्या अंगी हळूपणा आहेच. तो बाहेर कसा काढायचा एवढाच प्रश्न उरला.

येथे माउथपीस येतो. माउथपीस म्हणजे चोचीच्या आकाराचा तुकडा. त्याच्या सपाट बाजूवर पत्ती ठेवून पट्ट्याने आवळतात. पत्तीचे टोक आणि चोचीचे टोक यांच्यामध्ये बारीकशी फट राहते. सारा खेळ त्या फटीचा आहे. फट मोठी असली की पत्तीला हलायला जागा जास्त. आवाज मोठा होतो, पण फुंक पुष्कळ लागते आणि ओठांत ताकद लागते. फट लहान असली की थोड्या फुंकेत पत्ती बोलते. ही फट किती असते म्हणाल, तर सुमारे एक मिलिमीटर! शिकणाऱ्यांना पुष्कळदा देतात तो यामाहा कंपनीचा ४सी माउथपीस १.०५ मिलिमीटरचा आहे. फ्रान्सच्या व्हॅन्डोरेन कंपनीचा प्रसिद्ध बी४५ सुमारे १.२ मिलिमीटरचा आहे. दोहोंत पोस्टकार्डाच्या जाडीएवढेही अंतर नाही. परंतु आमटीत चिमूटभर मीठ जास्त झाले तर साऱ्या घराला कळते ना, तसेच हे आहे.

मास्तरांनी मामांचा माउथपीस उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "बाई, हा रस्त्याचा माउथपीस आहे, खोलीचा नाही." बँडवाल्याला ढोल-ताशांच्या वर आवाज काढावा लागतो. म्हणून तो मोठ्या फटीचा माउथपीस वापरतो, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने त्याचे ओठ तो पेलतात. पोरीचे ओठ तो पेलेनात. मग ती दातांनी चावून धरी, पत्ती अडके आणि मध्येच किंचाळी निघे. शेजाऱ्यांना खरा त्रास त्या किंचाळीचा होत होता. हळू, लांब, सरळ सूर माणसाला फारसा उठवीत नाही. पण अवचित किंचाळी आली की झोपलेले मूल दचकते. तात्पर्य, शांत रियाजासाठी माउथपीस निवडायचा म्हणजे ज्यात थोड्या श्वासात सूर धरता येईल आणि किंचाळी कमी निघेल, असा निवडायचा. ही गोष्ट एकदा समजली की दुकानात गोंधळ होत नाही.

आम्ही गाडीने मरीन लाइन्सला उतरून धोबीतलावला गेलो. तेथे वाद्यांची जुनी दुकाने आहेत. मास्तरांनी तपासण्याच्या ज्या युक्त्या सांगितल्या होत्या त्या आपल्यालाही सांगते. मुलाबाळांसाठी कधी घ्यायची वेळ आली तर उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट, फट लहान ते मध्यम असावी. एक ते एक पूर्णांक एक मिलिमीटरच्या आसपासचा माउथपीस नवशिक्याला सोपा जातो. दुसरी, चोचीच्या टोकावरून हलकेच नख फिरवावे. कोठे टवका उडालेला असेल तर तो माउथपीस कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. जुन्या बाजारात घेताना हे विशेष पाहावे. तिसरी, सपाट बाजू काचेवर ठेवावी आणि टोकाकडून पातळ कागदाची पट्टी आत सरकवावी. कागद दोन्ही कडांना सारख्याच ठिकाणी अडला पाहिजे. एका बाजूला जास्त आत गेला तर कडा वाकडी घासली आहे असे समजावे. अशा माउथपीसवर किंचाळ्या फार येतात. चौथी युक्ती मला सर्वांत आवडली. ओली पत्ती बसवून माउथपीसचे खालचे तोंड तळहाताने बंद करायचे, वरून हवा ओढून घ्यायची आणि ओठ काढायचे. पत्ती क्षण दोन क्षण चिकटून राहिली आणि मग 'टप्' करून सुटली, तर बसणी घट्ट आहे. लगेच सुटली तर हवा गळते. लोणच्याच्या बरणीचे झाकण आपण असेच तर पाहतो!

माउथपीस प्लॅस्टिकचा असतो तसा कडक रबराचाही असतो. कडक रबराचा पुष्कळांना अधिक आवडतो. पण नवशिक्याला चांगला घडवलेला प्लॅस्टिकचा पुरतो. नुसत्या महागपणावर जाऊ नये. आणि मुलाला बरोबर नेऊनच घ्यावा. चपला दुसऱ्याच्या मापाने घेत नाहीत, मग हे तर तोंडात धरायचे. दुकानात वाजवून पाहण्यापूर्वी तो धुऊन देण्यास सांगायला संकोच करू नये.

आता पत्तीविषयी. ही पत्ती बोरूसारख्या पोकळ दांड्याच्या गवताची करतात. दक्षिण फ्रान्समध्ये त्याची मोठी लागवड आहे. पत्तीवर आकडे असतात: दीड, दोन, अडीच, तीन. आकडा वाढला की पत्ती ताठ. लहान फटीच्या माउथपीसवर दोन किंवा अडीच नंबरची पत्ती नवशिक्याला बहुधा जमते. शांत वाजावे म्हणून अगदी मऊ पत्ती लावली तर ती चोचीला चिकटते, सूर उतरतो आणि पिपाणीसारखी भणभण सुरू होते. फार ताठ लावली तर नुसती हवा फुसफुसते आणि मूल जोर करू लागते. म्हणून मधला मार्ग बरा. पत्ती बसवताना तिचे टोक चोचीच्या टोकाशी बरोबर जुळवावे. तिरपी बसली की किंचाळी आलीच.

आपल्याकडचा पावसाळा ध्यानात ठेवा. चार महिने कपडे वाळत नाहीत, तेथे पत्ती कशी वाळेल? वाजवून झाल्यावर ती पुसून सपाट डबीत, हवा लागेल अशी ठेवावी. नाहीतर तिला बुरशी येते. दोन-तीन पत्त्या आलटून पालटून वापराव्या. माउथपीस कोमट पाण्याने धुवावा. कढत पाणी घालू नये, त्याने आकार बिघडतो. कडक रबराचा माउथपीस उन्हात ठेवला तर हिरवट-तपकिरी पडतो. आणि एकाचा माउथपीस दुसऱ्याने तोंडात धरू नये, मग ती भावंडे का असेनात.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मुका माउथपीस असा काही नसतो. योग्य माउथपीसने मुलीला हळू वाजवणे साध्य होते; तो स्वतः आवाज गिळीत नाही. काहीजण म्हणतात, तळाच्या कर्ण्यात फडके कोंबावे. आम्ही मास्तरांना विचारले. ते म्हणाले, ट्रंपेटचा सारा आवाज पुढच्या कर्ण्यातून येतो, म्हणून तिच्या तोंडाला बूच लावून आवाज दाबता येतो. क्लॅरिनेटच्या अंगावर भोके असतात, आणि बहुतेक सुरांचा आवाज त्या उघड्या भोकांतूनच बाहेर पडतो. कर्ण्यात फडके घातले तर मुख्यतः सर्वांत खालचा सूर बिघडतो, बाकीचे बहुतेक तसेच राहतात. खिडकी उघडी ठेवून दाराला पडदा लावण्यासारखेच ते.

मग घरात काय करावे? आम्ही काय केले ते सांगते. न्हाणीघरात कधी वाजवू नये. फरशी आवाज परत फेकते आणि पाइपाच्या पोकळीतून तो सर्व मजल्यांवर जातो. आमची मुलगी कपड्यांचे कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बसते. माझ्या लुगड्यांनी आणि घडी घातलेल्या गोधड्यांनी निदान तेवढा आवाज शोषला जातो. मागे गाद्यांची वळकटी ठेवते. खिडकी लावून घेते, पंखा चालू ठेवते. माउथपीसच्या वरच्या बाजूस, जेथे दात टेकतात, तेथे चिकटवायची रबराची बारीक चकती मिळते. ती लावल्याने दातांतून डोक्यात जाणारी थरथर कमी होते आणि मुलाचा हात, म्हणजे ओठ म्हणा, सैल राहतो.

शिवाय सगळाच रियाज फुंकून करावा लागत नाही, हे मला नवीनच कळले. बोटांचा अभ्यास न फुंकता होतो. चाव्यांची टकटक तेवढी ऐकू येते. सूर वाचण्याचा, ताल हाताने धरण्याचा अभ्यास होतो. सकाळी मी पोळ्या लाटते तेव्हा ती माझ्यामागे बसून टाळीवर ताल म्हणते. मग संध्याकाळच्या फुंकण्याच्या वीस मिनिटांत तिने एक एक सूर जितका हळू, जितका लांब धरता येईल तितका धरायचा. मास्तर म्हणतात, हळू वाजवणे हे जोराने वाजवण्यापेक्षा कठीण. श्वासावर ताबा असल्याशिवाय ते येत नाही. म्हणजे शेजाऱ्यांसाठी जे करायचे, तेच शिकण्यासाठीही सर्वांत चांगले. देवाने दोन्ही गोष्टी एकाच वाटेवर ठेवल्या.

शेवटची गोष्ट माउथपीसहून मोठी. मी जिना उतरले आणि प्रत्येक दाराशी गेले. चिठ्ठीचा विषय काढला नाही. एवढेच विचारले, "तुमची झोपेची वेळ कोणती?" रात्रपाळीवाले भाऊ म्हणाले, "ताई, चार वाजता मी उठतो, मग खुशाल वाजवा." वरच्या वहिनी म्हणाल्या, "बाळ सहाला झोपते, त्याच्या आत आटपा." कोपऱ्यातल्या आजींना ऐकूच कमी येते, त्या म्हणाल्या, "जरा जोरात वाजव गं!" सगळ्यांचे धरून पाच ते पाच-वीस ही वेळ ठरली आणि ती आम्ही जिन्याखालच्या फळ्यावर लिहून ठेवली. परीक्षेच्या दिवसांत आणि कोणाच्या घरी आजारपण वा दुःख असेल तेव्हा वाद्य बंद. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. तो कायदा चांगलाच आहे. पण कायदा रात्रीचे दहा वाजले हे सांगतो. खालच्या भावांची रात्र सकाळी आठला सुरू होते, हे त्यांच्या दाराशी गेल्याशिवाय कळत नाही.

वेळ ठरल्यावर एक नवल झाले. आवाज तोच, पण तो आता 'पोंगा' राहिला नाही. पाच वाजून गेले आणि सूर ऐकू आला नाही, तर वहिनी विचारू लागल्या, "आज मुलगी बरी नाही का?" ठरलेल्या वेळी, ओळखीच्या मुलीचा आलेला आवाज आणि अवचित, कोणाचा हे न कळता आलेला आवाज, यांत माणसाच्या कानाला फार अंतर वाटते, असा माझा अनुभव आहे.

भगिनींनो, बँडात आपल्याकडे मुली फारशा दिसत नाहीत. मुलीने फुंकायचे वाद्य हाती घेतले की चारचौघी हसतात, आणि त्यात शेजारची तक्रार आली की घरचेही म्हणतात, "पुरे झाले." किती मुलींचे शिकणे असे पहिल्या दोन महिन्यांतच संपत असेल! नवशिक्याचे पहिले सूर कोणाचेच गोड नसतात. पहिली पोळी कोणाची गोल झाली आहे? आपण तिला ताटातून फेकून दिले नाही. तव्यावरून उतरवून हसत खाल्ली. तेवढाच धीर आपल्या आणि शेजारच्या मुलांच्या वाद्यांनाही द्या. ज्यांच्या घरी कोणी शिकत असेल त्यांनी लहान फटीचा, नीट घडवलेला माउथपीस घ्या, मधल्या नंबरची पत्ती लावा, कपाट उघडून बसवा. आणि त्याआधी एकदा जिना उतरा. ज्यांना त्रास होत असेल त्यांनी चिठ्ठी सरकवण्याऐवजी दार वाजवा. दारामागे चहाचे आधण असतेच.